पोवळ्याचं दुसरं टोक

मी आयुष्यभर साप गोळा करण्याची नोकरी केली, हे लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला एकदा कळलं की त्याची जिलबी हातातच राहते. मग ठरलेला प्रश्न येतो, “साप नेमका धरायचा कुठून हो?” मी सांगतो, “लोणावळ्यातून.” तो हसतो, मठ्ठा येतो, विषय बदलतो. मला तेच हवं असतं. खरं उत्तर मला माहीत आहे, पण अर्ध्या मावळासमोर मी ते एकदा चुकवून बसलोय.

आधी नोकरी काय होती ते सांगतो, नाहीतर तुम्ही मला गारुडी समजाल. मुंबईच्या एका संस्थेत सर्पदंशावरची लस तयार होत असे. लसीला विष लागतं, विषाला साप लागतो, आणि मुंबईत मिळतात ते दोन पायांचे. म्हणून संस्थेनं लोणावळ्याला, एका कायम कुलूप असलेल्या बंगल्याच्या आउटहाउसात डेपो काढला होता. डेपो म्हणजे दोन खोल्या, एक ओटा, एक जांभळाचं झाड आणि मी.

मावळातले लोक गाडग्यात साप घालून, तोंडाला फडकं बांधून आणायचे. मी फडकं सोडायचं, साप ओळखायचा, आकडीच्या काठीनं उचलून मांजरपाटाच्या पिशवीत सोडायचा आणि पिशवीला गाठ मारायची. अशा पिशव्या भोकं पाडलेल्या लाकडी पेटीत रचून पेटी पॅसेंजरनं मुंबईला. तिकडे त्या सापांना काचेच्या पेल्यावर ताणलेल्या पडद्याला चावायला लावत. ते विष अगदी थेंबाथेंबानं घोड्याला टोचत, आणि घोडा ते पचवायला शिकला की त्याच्या रक्तातून लस काढत. विष सापाचं, रक्त घोड्याचं आणि दंड रोग्याचा. या सगळ्या थोर कार्यात माझा वाटा गाठ मारण्याचा. ती मात्र मी फर्मास मारत असे.

आम्हाला हवे असत ते चारच: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. लस या चौघांवरच चालायची. पण लोक काय वाटेल ते आणत. कार्ल्याच्या एका बहाद्दरानं धामण आणली आणि तो नागच आहे म्हणून हटून बसला. “मग फणा कुठाय?” म्हटलं, तर म्हणतो, “थंडीचं मिटून घेतलंय त्येनं.” बंगल्यांतून बोलावणी यायची ती निराळी. एका बाईंनी न्हाणीघरात नाग कोंडून ठेवला होता. मी कडी काढून आत गेलो, तर तो मालकांचा कमरेचा पट्टा. पण बाई दारात श्वास रोखून उभ्या होत्या. तेव्हा मी तो पट्टा बकलाच्या जरा मागे चिमटीत धरला, हात लांब ठेवला आणि पिशवीत घालून, गाठ मारून, बाहेर आणला. बाईंनी मला चहा दिला. पट्ट्याचं काय केलं ते मालकांनीही कधी विचारलं नाही.

श्रावणात धंदा बंद. नागपंचमी तोंडावर आली की एकही माणूस साप आणायचा नाही. उलट त्या दिवशी लोणावळ्यातल्या बायका लाह्या आणि दूध घेऊन डेपोवर यायच्या, कारण हुकमी नाग तिथंच. मी धूतवस्त्र नेसून पेटीपाशी उभा राहायचो आणि नारळ फोडून द्यायचो. सण सरला की ज्यांच्या बायका पूजा करून गेल्या, तेच नवरे गाडगी घेऊन हजर. देवाला ऋतू असतात, हे मी तिथं शिकलो.

अशाच एका पंचमीला मामाकडे आलेल्या एका मुलीनं विचारलं, “हा दूध का पीत नाही?” मी म्हटलं, “त्याला चहा लागतो.” ती हसली. तिचं नाव इंदू. वडील वडगावच्या शाळेत गुरुजी. पुढं मी जेव्हा धीर करून वडगावला गेलो, तेव्हा गुरुजींनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “साप धरणाऱ्याला मुलगी द्यायला माझी काही हरकत नाही. हंगामी साप धरणाऱ्याला मात्र मी देणार नाही.”

मी हंगामी होतो. वर्षानुवर्षं हंगामीच होतो.

मुंबईहून डेपो बघणारे आमचे साहेब म्हणजे डॉक्टर गुप्ते. माणूस विद्वान, आवाज तुटक. त्यांचा एकच नियम होता: ज्याला साप चावला तो साप धरायला नालायक. माझ्या आधीच्या माणसाला फुरसं चावलं. त्याला लस देऊन वाचवला, आणि बरा झाल्यावर त्याच आठवड्यात काढून टाकला. पुढं तो बाजारात चिक्की विकायचा. मी दुकानावरून गेलो की हाताची बोटं मोजून दाखवायचा आणि माझी शाबूत आहेत का म्हणून खुणेनं विचारायचा.

तर एका फाल्गुनात डॉक्टरांचा निरोप आला. ब्राझीलहून एक सर्पतज्ज्ञ येताहेत. त्यांच्याकडच्या जंगलात पोवळा नावाचा जहाल विषारी साप आहे. त्याचा चुलत भाऊ आपल्या सह्याद्रीत आहे, दुर्मीळ आहे, आणि पाहुण्यांना तो जिवंत बघायचाय. शोध. शेवटी एक वाक्य होतं: पाहुणे खूश झाले तर तुला कायम करण्याचं मी बघतो. सोबत पुस्तकातून कापलेलं एक रंगीत चित्र.

काय साप होता तो! लाल, काळी, पांढरी अशी एकाआड एक कडी. जणू जत्रेतल्या बांगड्यांची चळत. मी त्या दिवसापासून हे चित्र घेऊन कार्ल्यापासून आंदर मावळापर्यंत वणवण फिरलो. वाडीवाडीवर थांबून दाखवलं. “असा साप आणा. जो आणेल त्याला बक्षीस.”

डॉक्टरांनी चुलत भाऊ शोधायला सांगितलं होतं आणि मी चित्र ब्राझीलच्या थोरल्याचं दाखवत फिरत होतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आपला पोवळा लाल कड्यांचा नाहीच. तो वरून मातकट तपकिरी, शिसपेन्सिलीएवढा, डोकं काळं. लाली काय ती पोटाकडून. पण हे मला तेव्हा कुठं ठाऊक? मी आयुष्यात पोवळा पाहिला नव्हता.

मावळ मात्र माझ्या मदतीला धावला. चित्रातला साप सापडत नाही म्हटल्यावर लोकांनी तो तयार करायला घेतला. धामणीचं एक पिल्लू आलं ते कुंकवाच्या पट्ट्या ओढून. हात लावला तर सगळं सौभाग्य माझ्या बोटांना. एकानं गेरू आणि चुना वापरला होता. त्याचं काम इतकं सुबक होतं की साप सोडून दिल्यावर मी त्या माणसाला दारावर शुभ-लाभ लिहायला लावलं.

पाहुणे यायला चारसहा दिवस उरले आणि भागूमावशी आली. ती आंदर मावळातल्या एका डोंगरवाडीवरची. साप आणणाऱ्यांत बाई ती एकटीच, आणि सगळ्यांत तोंडाळ. राब भाजायचे दिवस होते. भाताचं रोप टाकायच्या जागी पालापाचोळा, शेण पसरून जाळतात ना, ते. त्या पाचोळ्याचं ओझं करताना तिला तो मिळाला होता. तिनं बांबूच्या नळीचा बोळा काढला आणि एक मातकट दोरी माझ्या परातीत पडली.

मी पाहिलं आणि म्हटलं, “मावशी, हा वाळा. निरुपद्रवी. घरी घेऊन जा.”

“आरं सापभाऊ, वाईच दम धर की. त्येला डिवच आन मग बग.”

तिनं काडी लावली. त्या दोरीनं आपलं डोकं वेटोळ्यात खुपसलं आणि शेपटी उचलून उलटी वळवली. खालून लाल, निळसर, दिव्यासारखी. शेपटीची ही खोड डॉक्टरांच्या तोंडून मी एकदा ऐकली होती. पोवळा!

“ह्येला दोन त्वांडं असत्यात,” मावशी म्हणाली. “सा म्हयने ह्या टोकानं खातुया, सा म्हयने त्या टोकानं. तवा धरताना आदी इचार कर, आता पाळी कुनाची चाललीया.”

मी तिला शास्त्र सांगितलं. दोन तोंडं वगैरे काही नसतं. हा साप डोकं लपवतो आणि शेपटी नाचवतो. शत्रू शेपटीलाच डोकं समजून झडप घालतो, आणि मग खरं डोकं निवांतपणे चावतं. मी काड्या मांडून दाखवलं. मावशीनं सगळं ऐकलं, मिश्री लावली आणि म्हणाली, “म्हंजी दोन त्वांडंच झाली की. याक बोलाया, याक चावाया. माज्या सासूचीबी व्हती.”

पाहुणे आले ते चैत्रातल्या एका सकाळी. उंच, लालबुंद, हसरे. त्यांचं आडनाव मोरेराच्या आसपास काहीतरी होतं, मावशीनं पहिल्या पाच मिनिटांत त्याचं मोरे केलं आणि “कुटल्या मोऱ्यांपैकी? पवनेकडलं का?” असं डॉक्टरांना विचारलं. जांभळाखाली सतरंज्या. साप आणणारे झाडून सगळे आलेले. पहिल्या रांगेत, मुद्दाम बोलावलेले, वडगावचे गुरुजी. त्यांच्या शेजारी सापाच्या मालकिणीच्या थाटात भागूमावशी. डॉक्टर मला हळूच म्हणाले, “नीट कर. आज कायमचं होऊन जाईल.” त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं, पुढं काय होणार ते दोघांनाही माहीत नव्हतं.

मी पाचोळ्यानं भरलेली परात पुढं घेतली आणि बोलायला सुरुवात केली. गुरुजी बघताहेत म्हटल्यावर माझी भाषा आपोआप पुस्तकी झाली. “सज्जनहो, हा प्राणी फसवणुकीत निष्णात आहे. भय वाटताच तो आपले मस्तक लपवतो व पुच्छ उभारतो.” मी काडी लावली. पोवळा वळवळला, पाचोळ्यात घुसला, दोन ठिकाणी वर आला. एकीकडे काहीतरी उचललेलं, दुसरीकडे काहीतरी दडलेलं. दोन्ही टोकं काळसर. “अज्ञानी शत्रू शेपटीला डोके समजतो,” असं म्हणत मी काडीनं एक टोक दाबलं आणि मानेमागे चिमटीत धरून साप वर उचलला. “आणि फसतो!”

टाळ्या पडल्या. गुरुजीसुद्धा वाजवत होते. मी ऐटीत सापाच्या डोळ्याला डोळा भिडवायला गेलो.

डोळे नव्हते.

तेवढ्यात तर्जनीच्या बाजूला, करवंदीचा काटा लागावा तसं काहीतरी झालं. खाली पाहिलं. खरं डोकं, काळं, मुगाएवढं, माझ्या बोटाची कातडी चघळत होतं. अगदी सावकाश. कुणाला दिसणार नाही असा मी त्याला सोडवला, शेजारच्या पाचोळ्याच्या बरणीत सोडला, तोंडाला फडकं बांधलं आणि नमस्कार केला. पुन्हा टाळ्या.

आता माझं गणित बघा. बोललो, तर चावलेला माणूस ठरलो: नोकरी गेली, इंदू गेली, उरली चिक्की. नाही बोललो, तर जीव जाण्याची शक्यता. पण बोलून जीव तरी वाचणार होता का? कपाटातली लस त्या चौघांवरची. पोवळ्यावर जगाच्या या बाजूला औषध नव्हतं. म्हणजे मरायचं तर कायम होऊन मरावं, असा हिशेब मी केला आणि पहिल्या रांगेत, गुरुजींच्या शेजारी जाऊन बसलो. हात खिशात.

मग पाहुणे बोलायला उभे राहिले. विषय: त्यांच्याकडच्या पोवळ्याचा दंश. ते इंग्रजीत एक वाक्य बोलत आणि डॉक्टर ते मराठीत सांगत.

“सुरुवातीला रोग्याला काहीच होत नाही,” डॉक्टर म्हणाले. मला काहीच होत नव्हतं. म्हणजे सुरुवात झाली होती.

“रोगी उलट आनंदी दिसतो. आसपासच्या लोकांशी हसून बोलतो.” नेमके तेव्हाच गुरुजी माझ्याकडे वळून म्हणाले, “छान बोललास हो.” मी हसलो. आणि हसलो म्हणून घाबरलो.

“मग पापण्या जड होऊ लागतात.” मी पापण्या तपासल्या. जड! सकाळपासून चौथ्या वेळचा चहा, रात्रीचं जागरण, सगळं मला आठवलं, पण पटेना.

“एकाच्या जागी दोन वस्तू दिसतात.” गुरुजींच्या पलीकडे भागूमावशीशेजारी तिची जाऊ बसली होती, अगदी तशीच दिसणारी. मी पुष्कळ वेळ दोघींकडे टक लावून बघितलं. शेवटी धाकटी पदर सावरून दुसरीकडे बघायला लागली.

“गिळता येत नाही. तोंडात लाळ साठते.” आवंढा गिळून बघितला. गेला. पुन्हा बघितला. गेला. तिसऱ्यांदा अडकला. किती वेळा गिळणार माणूस?

“शेवटी श्वास थांबतो. शुद्ध मात्र अखेरपर्यंत असते.” ही बातमी मला विशेष वाईट वाटली.

भाषण संपलं. ओट्यावर पंगत बसली; पिठलं, भाकरी, मिरचीचा ठेचा. माझा घास तोंडात फिरत होता. बोट ठणकायला लागलं होतं, म्हणून नकळत ते तोंडात गेलं. समोरून भागूमावशीचा आवाज आला, डोंगर उतरून येतो तसा:

“आरं सापभाऊ, बोट कशापायी चोखतूयास? दात याया लागलं व्हय?”

सगळा ओटा हसला. पाहुणे तेवढे हसले नाहीत. त्यांना मराठी कळत नव्हतं. बोट कळत होतं. ते पानावरून उठले, माझ्यासमोर उकिडवे बसले, माझा हात हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि एकच वाक्य बोलले. डॉक्टर गुप्ते पांढरेफटक पडले.

“ते विचारताहेत,” डॉक्टर म्हणाले, “की तू कुठलं टोक धरलंस?”

गुरुजींचा घास हवेत.

“दुसरं,” मी म्हटलं.

डॉक्टरांनी ते इंग्रजीत सांगितलं. मग पाहुण्यांनी आपला डावा हात माझ्या पानापुढे धरला. करंगळी आकडीसारखी वाकलेली. तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, “टेल!” आणि मांड्या थोपटत असे हसले की ओट्यावरची कुत्री उठली. एवढं इंग्रजी मलाही कळलं. त्यांनीही शेपटीच धरली होती!

मग ते डॉक्टरांशी बराच वेळ बोलले. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, माझ्याकडे बघितलं, घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “पाहुणे म्हणताहेत, त्यांच्या संस्थेत माणूस असा एकदा चुकल्याशिवाय त्याला कायमच करत नाहीत.”

“आन मेला म्हंजी?” मावशीनं विचारलं.

“मग कायमचाच,” गुरुजी म्हणाले. दोन तासांपूर्वी टाळ्या वाजवणारा माणूस तो. पण हात माझ्या पाठीवर होता. “आम्ही उद्या सकाळपर्यंत थांबतो. मुलीचं तेव्हा बघू.”

त्या रात्रीचं वर्णन करत नाही. मी जागा राहावा म्हणून सगळे जागले, आणि मी सोडून सगळे पत्ते खेळले. सकाळी माझं बोट वांग्यासारखं सुजलं होतं आणि खाज अशी की सांगता सोय नाही. बाकी श्वास चालू, मावशी एकच दिसत होती, आणि चहा सरळ खाली उतरत होता. आपल्याकडच्या पोवळ्याचं तोंडच मुळी एवढंसं की माणसात विष घालायचं म्हणजे त्याला फार मेहनत. “येवढंच व्हय?” मावशी म्हणाली आणि जरा नाराज होऊनच वाडीला निघाली.

मग कुणाला तरी पोवळ्याची आठवण झाली. त्याची बरणी पाचोळा ओला करून सावलीत ठेवायची, हे काम माझं होतं. पण आदल्या दुपारभर मी मरण्यात गुंतलो होतो. बरणी ओट्याच्या कडेला उन्हातच राहिली होती. त्यानं मला मारलं नाही. मी मात्र त्याला मारलं, तेही हात न लावता. सगळा मावळ माझ्याभोवती बसला होता; त्याच्याकडे बघायला कुणी नव्हतं. पाहुण्यांनी तो हातावर घेतला आणि सावलीत नेऊन ठेवला.

मी कायम झालो, लग्न झालं. कित्येक वर्षांनी सासऱ्यांनी, म्हणजे गुरुजींनी, एकदा सुपारी कातरता कातरता सांगितलं, “माझं इंग्रजी बरं होतं हो. पाहुणे कायम करण्याबद्दल अक्षर बोलले नव्हते. ते एवढंच म्हणत होते की, बहुधा जगेल, पण सकाळपर्यंत कुणीतरी सोबत बसा.” मी विचारलं, “मग तुम्ही बोलला का नाहीत?” ते म्हणाले, “डॉक्टरांनी स्वतःच्याच नियमातून पळवाट काढली होती. भर पंगतीत मी ती कशाला बुजवू?”

त्यानंतर इंदूला घेऊन एकदा मुंबईला संस्थेत गेलो होतो. तिथल्या संग्रहालयात माझा पोवळा बरणीत आहे. बिचारा ज्या पवित्र्यात गेला, तसाच ठेवलाय: डोकं वेटोळ्यात, शेपटी वर. त्या दिवशी कुठल्याशा शाळेची सहल आली होती. तरुण शिक्षक बरणीसमोर उभे राहून, छाती काढून, शेपटीच्या टोकावर छडी टेकवून सांगत होते, “नीट बघा रे. हे त्याचं तोंड.”

इंदूनं मला ढोसलं. “सांगा की त्यांना.”

“राहू दे,” मी म्हटलं. “सगळी पोरं बघतायत.”

पोरं टाळ्या वाजवून पुढच्या बरणीकडे गेली. मी जरा मागं रेंगाळलो. मरून इतकी वर्षं झाली, तरी पठ्ठ्यानं आपलं काम सोडलं नव्हतं. आम्हा दोघांत खरा कायम तोच झाला.